गोपाळकाल्याच्या शिदोरीत दशमी, चक्का आणि फळे

श्रावण वद्य अष्टमीची मध्यरात्र उलटते, पाळणा म्हणून होतो, सुंठवड्याची चिमूट हातोहात वाटली जाते, आणि घरोघरच्या स्वयंपाकघरांना लगोलग दुसऱ्या दिवसाचे वेध लागतात. नवमीचा गोपाळकाला! पोहे किंवा लाह्या, घट्ट दही, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओले खोबरे, काकडी, डाळिंबाचे दाणे, आल्याचा कीस, लिंबाच्या लोणच्याची एखादी फोड. कोणाच्या घरी मिरची कुटून घालतात, कोणाच्या घरी जिऱ्याची तुपातली फोडणी देतात. दोन घरांचा काला सहसा सारखा नसतो आणि तो तसा नसावा हेच त्याचे मर्म आहे, कारण काला म्हणजे मुळी अनेक शिदोऱ्यांचे एकत्र कालवण. वारकरी संप्रदायात सप्ताहाची सांगताही काल्याच्या कीर्तनाने होते, ती याच भावनेने.

मुंबईच्या उपनगरांतील मुलांची शिदोरी मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पालटली आहे. भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये वसलेल्या आमच्या नाहूरचेच पाहा. सकाळी लालबहादूर शास्त्री मार्गावरून गोविंदांच्या पथकांचे ट्रक वाजतगाजत जातात, त्या वेळी प्रत्येक मजल्यावरच्या खिडकीत मुले उभी असतात. हंडी फुटली की काल्याचा प्रसाद हातावर घेतात, भक्तिभावाने तोंडात टाकतात आणि लगेच विचारतात, “आजी, आता पिझ्झा मागवायचा ना?” परदेशी पिझ्झा कंपन्यांची भारतातील पहिली दुकाने १९९६ साली दिल्ली आणि बंगळूर येथे निघाली. त्या वर्षी जन्मलेली बालके आज स्वतः आईबाप झाली आहेत. तेव्हा हा पदार्थ घराबाहेर ठेवू म्हणून तो राहील, अशी आशा आम्ही तरी बाळगत नाही.

आणि तो घराबाहेर ठेवलाच पाहिजे, असेही आम्हांला वाटत नाही. जाडसर भाजलेली पोळी, तिच्यावर दुधाचा घट्ट केलेला अंश आणि फळांच्या फोडी, इतकेच जर त्याचे स्वरूप असेल, तर त्यात गोकुळाला परके असे काय आहे? प्रश्न निर्माण होतो तो त्या दुधाच्या घट्ट अंशापाशी, म्हणजे चीजपाशी. आमच्या परिचयातील एका सोसायटीत दोन वर्षांपूर्वी काल्याच्या दिवशी मुलांसाठी एका दुकानातून अननस घातलेले पिझ्झे आणविले होते. कांदा-लसूण नको, असे बजावून सांगितलेले होते व तसे ते नव्हतेही. पण मंडळातील एका वृद्ध बाईंनी सहज विचारले, “हे चीज कशाने जमवतात हो?” कोणालाच उत्तर देता येईना. दुकानात विचारणा केली, तर तेथेही कोणाला सांगता आले नाही. बाईंनी पान बाजूला सारले. रागावल्या नाहीत, उपदेशही केला नाही, फक्त खाल्ले नाही. त्यांच्या त्या प्रश्नाचा आम्हांला पाठपुरावा करावासा वाटला.

तत्पूर्वी भागवतातील एका प्रसंगाची आठवण करून द्यावयास हवी, कारण काल्याचे सारे मूळ तेथे आहे. दशम स्कंधाच्या तेराव्या अध्यायात श्रीकृष्ण आणि त्याचे सवंगडी यमुनेच्या वाळवंटात वनभोजनास बसतात. वासरे जवळच चरत असतात. कोणी फुलांवर, कोणी पानांवर, कोणी सालीवर, तर कोणी चक्क दगडावर आपली शिदोरी मांडतो. प्रत्येक जण आपल्या घरच्या पदार्थाची चव दुसऱ्याला दाखवितो. मध्यभागी श्रीकृष्ण. बासरी कमरेच्या वस्त्रात खोवलेली, शिंग आणि वेताची काठी काखेत, डाव्या हातात मऊ घास आणि बोटांच्या बेचक्यांत फळे. तो घास दहीभाताचा, असे परंपरा सांगते. म्हणजे धान्य, दूध आणि फळ, तिन्ही एकाच हातात! फळांसह दुग्धान्न खाणे हे पोरांचे नवे खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणावे.

परंतु प्रसंग तेथेच थांबत नाही. जेवणाच्या रंगात असताना मुलांच्या ध्यानात येते की वासरे दिसेनाशी झाली. सारी घाबरतात. श्रीकृष्ण म्हणतो, तुम्ही जेवण सोडू नका, मी वासरे घेऊन येतो. आणि हातातील घास तसाच हातात ठेवून तो रानोरान वासरांना शोधीत निघतो. ब्रह्मदेवाने ती वासरे पळवून नेलेली असतात. वत्सहरणाची ही कथा पुष्कळ कीर्तनांतून आपण ऐकलेली असते. पण काल्याच्या दिवशी ताटात काय असावे आणि काय नसावे, याचा विचार करताना ती फार थोड्यांना आठवते. ज्या भोजनातून देव वासरांसाठी उठला, त्या भोजनाचे स्मरण म्हणून आपण काला करतो.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. युरोपीय पद्धतीचे चीज जमविण्यासाठी दुधात रेनेट नावाचे द्रव्य घालतात. हे द्रव्य परंपरेने कोठून मिळते? अद्याप आईच्या दुधावर असलेल्या वासराच्या चौथ्या जठराच्या अस्तरातून. वासराला आईचे दूध पचावे म्हणून निसर्गाने त्याच्या पोटात जे पाचक ठेवले आहे, तेच काढून घेऊन दूध जमवावयाचे. साहजिकच ते वासरू जिवंत असताना मिळत नाही. इटलीतील पार्मेझानसारख्या काही नामांकित चीजच्या नियमांत आजही वासराच्याच रेनेटचा आग्रह आहे. आमच्या मुंबईतही पारशी घरांत चिमुकल्या टोपल्यांत जमविलेले, आपल्याच पाण्यात ठेवलेले जे नाजूक पनीर होते, ते पूर्वापार रेनेटवरच जमविलेले. ज्याचा त्याचा आचार, त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. पण गोपाळाच्या नावाने मांडलेल्या ताटात वासराच्या जठराचा अंश यावा, आणि तोही नकळत यावा, ही गोष्ट श्रद्धावान कुटुंबाला बोचल्याशिवाय राहणार नाही.

येथे एक दिलासा आहे, तो सांगितला नाही तर चित्र एकांगी होईल. रेनेटचे काम करणारी द्रव्ये काही जातींच्या बुरशीपासूनही मिळतात आणि गेली कित्येक दशके ती चीजच्या कारखान्यांत वापरली जात आहेत. पुढे वासराच्या पेशीतील त्या पाचकाची आनुवंशिक खूण सूक्ष्मजंतूंत घालून त्यांच्याकडून तेच द्रव्य बनवून घेण्याची युक्ती निघाली; अमेरिकेत तिला १९९० साली मान्यता मिळाली. त्यात प्राणी मारावा लागत नाही. तथापि मूळ खूण वासराची म्हणून तेही नको, असे म्हणणारी सोवळी मंडळी आम्हांला भेटली आहेत. भारतात वेष्टनावर शाकाहाराचे हिरवे वर्तुळ छापण्याची सक्ती २००१ सालापासून आहे. मांसाहाराच्या तपकिरी वर्तुळाची जागा आता तपकिरी त्रिकोणाने घेतली आहे. आपल्याकडील बाजारात सर्रास मिळणाऱ्या चीजच्या डब्यांवर ते हिरवे वर्तुळ असते. तेवढ्यावर न थांबता घटकांची यादीही वाचावी. तेथे रेनेट सूक्ष्मजीवजन्य असल्याचे, बहुधा ‘मायक्रोबियल’ या शब्दाने, लिहिलेले आढळते. अडचण येते ती तयार पिझ्झ्याची, कारण दुकानातून आलेल्या खोक्यात चीजचे मूळ वेष्टन नसते. विचारावे, समाधानकारक उत्तर न मिळाल्यास त्या बाईंप्रमाणे पान बाजूला सारण्यास कोणी आडकाठी केलेली नाही.

पण आमचे खरे म्हणणे निराळेच आहे. महाराष्ट्रातील घराला चीजसाठी इतक्या चौकशा करण्याची गरज काय? आपल्या खुंटीला फडक्यात बांधून टांगलेले चीज पिढ्यान्‌पिढ्या आहेच. त्याला आपण चक्का म्हणतो.

शब्द ऐकताच श्रीखंड आठवते आणि विचार तेथेच अडतो. वास्तविक चक्का हे ताजे, मऊ, न मुरविलेले चीजच होय. फरक इतकाच की ते रेनेटने न जमविता विरजणाच्या आंबटपणाने जमते. कोणाच्याही जठरातून काही काढावे लागत नाही; कालच्या दह्याचा चमचाभर अंश आजच्या दुधात घातला की झाले. शिवाय त्याला सोवळ्याची मान्यता पूर्वीपासून आहे. पनीर किंवा छेना यांचे तसे नाही. उकळत्या दुधात लिंबू पिळून ते फाडणे आपल्याकडील जुन्या बायकांच्या जिवावर येते. दूध नासणे हा शब्दच अमंगळ. सणाच्या दिवशी मुद्दाम दूध नासवावयाचे म्हटल्यावर वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरलाच म्हणून समजावे. बंगालची सारी मिठाई छेन्यावर उभी आहे हे खरे, परंतु घराघरांचे संस्कार वेगळे असतात. ज्यांच्याकडे चालते त्यांनी गाईच्या एक लिटर दुधाचा छेना करावा, तो दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम निघतो. आम्ही चक्क्याच्या बाजूचे.

चक्का उत्तम व्हावा यासाठी दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दूध म्हशीचे, न काढलेल्या सायीचे घ्यावे. विरजण गोड असावे. श्रावणात आपल्या उपनगरांतली हवा दमट, दही चार-सहा तासांतच लागते आणि दुर्लक्ष झाले की आंबते. म्हणून अष्टमीला सकाळी विरजून, दुपारी दही लागताच ते पातळ मलमलीच्या दुहेरी फडक्यात बांधावे. पहिले दोन तास बाहेर टांगावे व नंतर चाळणीवर ठेवून फ्रिजमध्ये न्यावे. रात्रीचा पाळणा होईपर्यंत चक्का तयार होतो. दह्याच्या निम्म्याच्या आसपास तो निघेल असा अंदाज धरावा. खाली निघालेले निवळ पाणी मोरीत ओतू नये, त्याला दशमीच्या पिठात जागा आहे.

चक्क्याची एक मर्यादा आहे, ती मुलांना आधीच सांगून टाकावी. आंबटपणाने जमलेले चीज तव्यावर वितळत नाही आणि त्याला तार सुटत नाही. दुधातील चुना आंबटपणाने सुटून निवळीत निघून जातो, आणि ज्या बांधणीमुळे रेनेटचे चीज उष्णतेने लांबते ती बांधणीच येथे राहत नाही. पनीर तळले तरी चौकोनीच का राहते, याचेही कारण हेच. मुलांना तार हवीच असेल, तर हिरव्या वर्तुळाचे, सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे चीज किसून चक्क्याच्या जोडीला थोडेसे घालावे. आमच्या अनुभवाने चार दशम्यांना पन्नास ग्रॅम पुष्कळ होते.

आता खालची पोळी. येथेही मैदा, यीस्ट, भट्टी यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. यीस्ट ही बुरशी म्हणून काही व्रतस्थ ती टाळतात. आंबोळी आणि इडलीचे पीठ आंबवताना आपण कोणते जीवजंतू जोपासतो हा विचार केला तर त्या आक्षेपाचे हसू येते. पण व्रताच्या बाबतीत ज्याने त्याने आपल्या मनाचा कौल घ्यावा हे बरे. आपल्याकडे या कामासाठी दशमी आहे. पाण्याऐवजी दुधात भिजविलेल्या कणकेची ही जाडसर पोळी. पाणी लागलेले शिजविलेले अन्न खरकटे. दुधात भिजवून तुपावर भाजलेली दशमी मात्र तशी मानीत नसत. म्हणून प्रवासाला निघणाऱ्याच्या फडक्यात दशम्या बांधल्या जात, लांबच्या यात्रेत सोवळे सांभाळणारी माणसे त्यांवरच निभावून नेत. शिदोरी हा शब्द उच्चारला की आमच्या डोळ्यांपुढे प्रथम दशमीच येते. काल्याला तिच्याहून योग्य पोळी कोणती?

फळ आणि पोळी यांचा संबंधही आपल्याला नवा नाही. पिकलेले केळे कुस्करून त्यातच कणीक भिजवून केलेल्या दशम्या कित्येक घरांत होतात. कोकणात तांदळाच्या पिठात केळे आणि गूळ कालवून, केळीच्या पानाच्या दोन तुकड्यांत घालून तव्यावर पानगी भाजतात. पानाचा जो करपट सुगंध तिला लागतो त्याची सर कोणत्याही भट्टीला येणार नाही. आंब्याच्या आणि फणसाच्या रसाच्या वाळविलेल्या चकत्यांना तर आपण पोळी हेच नाव दिले आहे. उलट पिझ्झ्यावर अननस घालण्याची कल्पना कितीशी जुनी? ग्रीसमध्ये जन्मलेले सॅम पानोपुलोस यांनी कॅनडातील चॅटहॅम या गावी आपल्या उपाहारगृहात १९६२ साली तो प्रयोग प्रथम केला. डबाबंद अननसाच्या वेष्टनावरील नावावरून त्यांनी त्यास ‘हवाईयन’ म्हटले. पानोपुलोस २०१७ साली निवर्तले, तरी पोळीवर फळ शोभते की नाही यावर पाश्चात्त्य देशांत अजून हमरीतुमरी चालते. पानगी खाणाऱ्यांनी या भांडणात पडू नये.

वीतभर रुंदीच्या चार दशम्यांसाठी दोन वाट्या कणीक, पाव वाटी बारीक रवा, दोन चमचे तुपाचे कडकडीत मोहन, चवीपुरते मीठ आणि चमचाभर चिरलेला गूळ घ्यावा. गूळ अर्ध्या वाटी कोमट दुधात विरघळवून त्या दुधाने पीठ भिजवावे; कमी पडेल तेथे चक्क्याची निवळ घालावी. पीठ पोळीच्या कणकेहून किंचित घट्ट, पुरीच्या पिठाहून सैल असावे. अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे रवा फुगतो. फुगीर पोळी हवी असणाऱ्यांनी निवळीबरोबर दोन चिमटी खाण्याचा सोडा घालावा. निवळीच्या आंबटपणाने तो आपले काम करतो. आम्ही घालीत नाही, दशमीची चव त्याने बिघडते असे आमचे मत आहे.

दशमी बाजरीच्या भाकरीइतकी जाड थापावी वा लाटावी. काट्याने सर्वत्र टोचावी, नाहीतर ती फुगून वरचे सारे घरंगळेल. जाड बुडाचा लोखंडी तवा मंद आंचेवर तापवून तीवर तुपाचा हात फिरवावा, आणि दशमी एका बाजूने चांगली गुलाबी भाजावी. मग उलटावी. भाजलेली बाजू वर आली की तिच्यावर फळांचा थर द्यावा व घट्ट झाकण ठेवावे. पूर्वी या झाकणावर निखारे ठेवीत आणि वरूनही आंच मिळे. गॅसच्या शेगडीवर ती सोय नाही, म्हणून झाकण आधी वेगळे तापवून घ्यावे. चार-पाच मिनिटांत खालची बाजू खमंग होते. तारेचे चीज घालावयाचे असेल तर ते फळांबरोबरच घालावे. चक्का मात्र सर्वांत शेवटी, दशमी उतरविण्याच्या मिनिटभर आधी ठेवावा. अधिक वेळ राहिला तर तो रवाळ होऊन पाणी सोडू लागतो.

चक्क्याला चव कशी द्यावी, याविषयी दोन पक्ष आहेत. एक पक्ष पिठीसाखर, वेलदोडा आणि केशर घालून त्याचे श्रीखंडच करतो. खरे सांगायचे तर ते अति होते, दशमीत गूळ आहेच आणि फळांचीही गोडी आहे. सैंधव, भरडलेले मिरे, भाजल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सुंठ घातलेला खारा चक्का गोड फळाखाली जो लागतो, तो एकदा खाऊन पाहावा. मुलेही हाच अधिक मागतात, असे आमच्या नजरेस आले आहे.

फळांची निवड डोळसपणे करावी, येथे पुष्कळांचे काम फसते. श्रावणात मुलुंडच्या बाजारात अननस भरपूर येतो व मुलांना तोच हवा असतो. परंतु कच्च्या अननसात दुधातील प्रथिने तोडणारा एक पाचक रस असतो. ताज्या फोडी चक्क्यावर ठेवल्या तर पाव तासात चक्का कडवट आणि पाणथळ होतो. पपई, किवी आणि ताजे अंजीर यांचेही असेच. अंजिराच्या चिकाने तर प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक दूध जमवीत असत. पाच-सात मिनिटे खळखळून शिजविले की अननसातील हा गुण नष्ट होतो, आणि पानोपुलोस यांचा डबाबंद अननस चीजशी भांडला नाही तो यामुळेच. म्हणून अननसाचा थोड्या गुळात, दोन लवंगा टाकून घट्टसर मुरंबा करावा आणि तो दशमीवर टोमॅटोच्या रश्शाच्या जागी पसरावा.

सीताफळाची गोष्ट नेमकी उलटी. आंच लागली की त्याचा गर कडू होतो. ते घ्यावयाचे तर बिया काढून, दशमी ताटात उतरल्यावर वरून कच्चेच घालावे. सफरचंद आणि नाशपती यांच्या पातळ चकत्या तुपावर परतून घ्याव्यात. नाशपतीला किंचित मिरे फार मानवते. डाळिंबाचे दाणे अगदी शेवटी भुरभुरावेत.

घरातील वैद्यकाचे जाणकार येथे हटकल्याशिवाय राहणार नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराच्या विवेचनात दूध आणि आंबट फळे एकत्र घेऊ नयेत असे सांगितले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात केळे आणि ताक वा दही यांची जोडी वर्ज्य मानली आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, जरी तो घेणारे आजोबा दुपारी शिकरणाच्या वाटीला नाही म्हणत नसले तरी! आमची तडजोड अशी: चक्क्याबरोबर गोड, पिकलेली फळेच घ्यावी, अननस शिजवून व गुळात मुरवून घ्यावा, आणि केळे दह्याच्या सोबतीला न ठेवता केळ्याच्या दशम्या निराळ्या करून त्या नुसत्या लोण्याबरोबर वाढाव्या. लोण्याला त्या दिवशी कोण हरकत घेईल?

उपवासाचा खुलासाही आवश्यक आहे. अष्टमीचा उपवास पाळणाऱ्यांना गव्हाची दशमी नवमीच्या पारण्यानंतरच. अष्टमीला मुलांचा हट्ट झालाच तर राजगिऱ्याचे पीठ घ्यावे. त्याला गव्हासारखा चिकटपणा नसतो, लाटू गेल्यास तडे जातात. एक वाटी पिठाला एक उकडलेला बटाटा किसून, दुधाने मळून, केळीच्या पानावर तुपाच्या हाताने थापावे आणि पानासकट तव्यावर उलटावे. मीठ सैंधवच. वर चक्का आणि डाळिंब पुरे. सोडा आणि विकतचे चीज उपवासाला नकोच.

राहिला नैवेद्याचा प्रश्न, आणि यावर आमच्याशी वाद घालणारे निघतील. हा पदार्थ देवापुढे ठेवावा काय? एका पक्षाचे म्हणणे, रूढ नैवेद्याच्या ताटात त्याला स्थान नाही, तो मुलांचा खाऊ म्हणून बाहेरच असावा. आमचे मत तसे नाही. दशमी देवाला चालते, चक्का चालतो, फळे तर चालतातच. तीन शुद्ध पदार्थ एकावर एक ठेवल्याने चौथा अशुद्ध पदार्थ निर्माण होतो, असे कोणते शास्त्र सांगते? भगवद्‌गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस आहाराचा विचार आला आहे, तोही पदार्थाच्या नावावरून नव्हे. रस, स्निग्धता, ताजेपणा, शिळेपणा, दुर्गंध हे तेथील निकष आहेत. त्या निकषांवर सकाळी लावलेल्या विरजणाचा चक्का उजळ ठरतो. वर्षभर मुरविलेल्या, उग्र वासाच्या विलायती चीजविषयी मात्र आम्ही वकिली करणार नाही. ज्या दशमीवर विकतचे चीज घातले असेल ती नैवेद्यातून वगळावी, त्यावर हिरवे वर्तुळ असले तरीही. ती मुलांची. देवाच्या दशमीवर घरचा चक्का, फळे आणि तुळशीचे पान. आणि काल्याचा मान काल्यालाच राहील, दशमी त्याच्या शेजारी.

वीस मुलांचा घोळका असेल तर दोन तव्यांवर काम करावे आणि प्रत्येक दशमीचे सुरीने सहा भाग करावे. अशा चौदा दशम्यांत मुलांना व त्यांना वाढणाऱ्या आयांना पुरून उरते. कणीक साधारण सात वाट्या, चक्का एक किलो, म्हणजे दही दोन किलो. मुरंबा आदल्या दिवशी करून ठेवता येतो, फळे मात्र हंडी फुटल्यावरच चिरावी. आणि मुलांना ताटे न देता केळीच्या पानांचे तुकडे द्यावे. कोण कोणाच्या पानातला तुकडा उचलतो, याकडे त्या दिवशी लक्ष देऊ नये. गोकुळातही कोणी दिले नव्हते.